‘नागपूरले न्या’ हा उपचार नव्हे



थंडी पडली, जिनिंग सुरू झाली आणि घरोघर पऱ्हाटीच्या चुली पेटल्या, की वऱ्हाडातल्या वस्त्यांमध्ये दम लागणाऱ्या माणसांची संख्या वाढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कार्यकर्त्यांना रात्री-बेरात्री येणारे बरेच फोन एकाच प्रकारचे असतात. "ताई, मायले लय दम लागून रायला, बोलताई येत नाही. दवाखान्यात आणलं, तर नागपूरले न्या म्हणतात."

अमरावतीहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. अकोल्याहून अडीचशे. धारणीच्या कोरकू माणसाला तर अमरावती गाठायलाच दीडशे किलोमीटरच्या आसपास घाटरस्ता तुडवावा लागतो, नागपूर त्याच्याही पुढे. ज्याला एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही त्याला एवढ्या प्रवासाला पाठवणे हा उपचार नव्हे, ती जबाबदारीची हकालपट्टी आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. सीओपीडीच्या रुग्णाचा श्वास थकून निकामी होऊ लागतो, तेव्हा पहिल्या तासात त्याला नागपूर नको असते. त्याला चार गोष्टी हव्या असतात: नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क, त्याला जोडलेले बायपॅप यंत्र, रक्तातले वायू मोजण्याची सोय आणि ते यंत्र लावायला शिकलेली परिचारिका. या गोष्टी साध्या वॉर्डात देता येतात आणि त्यांनी माणसे वाचतात, हे सिद्ध होऊन पंचवीस वर्षे झाली. तरीही त्या आपल्या माणसाला रात्री दोन वाजता मिळत नसतील, तर तो नशिबाचा भाग नाही. तो हक्काचा प्रश्न आहे आणि चळवळीने तो आपल्या मागण्यांच्या यादीत घ्यायला हवा.

हे यंत्र करते काय?

वस्तीत सगळ्यालाच ‘दमा’ म्हणतात. पण वर्षानुवर्षे धूर आणि धूळ पोटात गेल्यावर, पन्नाशीच्या आसपास जिना चढताना लागणारा, दरवर्षी वाढत जाणारा जो दम असतो, तो बऱ्याचदा सीओपीडी असतो. यात श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसात हवा अडकून राहते. एखाद्या थंडीत छातीत कफ भरला, जंतुसंसर्ग झाला, की छातीचे आणि बरगड्यांखालचे स्नायू दिवसरात्र ओढ काढून थकतात. मग आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो, रक्त आम्लधर्मी होते आणि माणूस गुंगीत जातो.

इथे घरच्यांची फसगत होते. रात्रभर तळमळणारी आई पहाटे शांत झाली, की लोकांना वाटते, "बरं झालं, डोळा लागला." दम लागलेल्या माणसाला अशी गुंगी येणे, त्याने असंबद्ध बोलणे, हाक मारली तरी ओ न देणे ही धोक्याची खूण आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने ती पाठ करावी.

अशा वेळी पूर्वी एकच मार्ग होता. घशातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि व्हेंटिलेटरवर ठेवायचे. त्यासाठी आयसीयू लागतो, भूल द्यावी लागते, नळीमुळे न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि थकलेल्या फुप्फुसाला पुन्हा यंत्राशिवाय श्वास घ्यायला लावणे अवघड होते. नॉन-इन्व्हेझिव्ह व्हेंटिलेशन, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात एनआयव्ही म्हणतात, त्यात नळी नसते. मास्कमधून यंत्र हवेचा दाब देते. श्वास घेताना जास्त दाब, सोडताना कमी दाब, म्हणून नाव बायपॅप. स्नायूंचा अर्धा भार यंत्र उचलते, अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रुग्ण शुद्धीत असतो, मधूनमधून मास्क काढून पाणी पिऊ शकतो, आपल्या माणसांशी बोलू शकतो. याचाच भाऊ सीपॅप. तो एकसारखा दाब देतो आणि हृदय कमकुवत होऊन फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाला फार उपयोगी पडतो.

पुरावा काय सांगतो?

‘हे मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचे काम आहे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनचा अभ्यास सांगा. १४ रुग्णालये, सीओपीडीमुळे श्वास निकामी होऊ लागलेले २३६ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे औषधोपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला मास्कचे यंत्र. हे सगळे आयसीयूत नव्हे, साध्या वॉर्डात झाले. यंत्र लावले वॉर्डातल्या परिचारिकांनी. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी २० टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, यंत्र लावलेल्यांपैकी १० टक्के. म्हणजे मृत्यू निम्म्यावर आले. आणि त्या वॉर्डांना पहिल्या तीन महिन्यांत प्रशिक्षण किती दिले होते? सरासरी आठ तासांच्या आसपास. एक दिवसाचे शिबिर म्हणा ना!

त्याच अभ्यासाने मर्यादाही सांगितली. ज्यांच्या रक्तातले आम्ल फार वाढले होते, ज्यांचा पीएच ७.३० च्या खाली होता, त्यांच्यासाठी वॉर्डातली सोय अपुरी पडते, त्यांना अधिक देखरेखीची जागा हवी. म्हणजे आयसीयू नकोच असे कोणी म्हणत नाही. पण आयसीयू नाही म्हणून काहीच नाही, हा युक्तिवाद त्या दिवशीच निकालात निघाला.

२०१७ साली कॉक्रेनने १७ अभ्यासांतल्या १,२६४ रुग्णांचा एकत्र हिशोब मांडला. दर १२ रुग्णांना हे यंत्र लावले तर एक जीव वाचतो, दर ५ रुग्णांमागे एकाची घशातली नळी टळते. वैद्यकशास्त्रात इतका चांगला हिशोब फार थोड्या उपचारांचा निघतो. आणि हे परदेशापुरतेही नाही. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनने २०२० साली या उपचाराची भारतासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ती लिहिणाऱ्यांत पुण्याचे डॉक्टरही आहेत. ज्ञान महाराष्ट्रात आहे. प्रश्न आहे तो हे ज्ञान पुण्याहून दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, धारणीच्या वॉर्डापर्यंत का उतरत नाही हा.

डॉक्टर ते कसे वापरतात, हे आपल्याला माहीत हवे

यंत्र लावायचे की नाही, हा निर्णय डॉक्टरांचाच आहे. पण तो निर्णय कशावर होतो हे माहीत नसेल तर आपण प्रश्नही विचारू शकत नाही. मनगटाच्या रोहिणीतून रक्त घेऊन तपासणी होते, तिला एबीजी म्हणतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ च्या वर आणि पीएच ७.३५ च्या खाली असेल, औषधे आणि बेताचा ऑक्सिजन देऊनही तसाच राहत असेल, तर सीओपीडीच्या रुग्णाला बायपॅप लावावे, यावर जगभर एकमत आहे. लावल्यावर तासाभराने पुन्हा एबीजी, चारेक तासांनी पुन्हा. दाब हळूहळू वाढवायचा, मास्कमधून हवा गळते का बघायचे, श्वासाची गती मोजायची. सुधारणा नसेल तर वेळ न दवडता घशात नळी घालायची.

सगळ्यांना हे यंत्र चालत नाही. ज्याला सारखी उलटी होते आहे, ज्याच्या चेहऱ्याला जखम किंवा भाजलेले आहे, ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, ज्याला कफ बाहेर टाकता येत नाही, त्याला मास्क लावणे धोक्याचे ठरू शकते. गंभीर न्यूमोनियात तर मास्कवर भरवसा ठेवून नळीला उशीर झाला, की माणूस हातचा जातो. म्हणून "बायपॅप लावाच" असा हट्ट करायचा नाही. विचारायचे ते एवढेच: "डॉक्टरसाहेब, एबीजी केली का? पीएच किती आला? बायपॅपचा विचार झाला का? नसेल लावायचे तर कारण काय?" हे चार प्रश्न नम्रपणे आणि ठामपणे विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून आपल्याच लोकांची वॉर्डात भांडणे होतात. करोनाने आपल्याला बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि ‘९५ च्या वर पाहिजे’ हा आकडा शिकवला. सीओपीडीच्या माणसाला तो आकडा लागू होत नाही. त्याचे लक्ष्य ८८ ते ९२ असते. त्याला भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठतो आणि गुंगी वाढते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सीओपीडी असलेल्यांपैकी भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्या गटात २ टक्के. म्हणून नर्सने ऑक्सिजन कमी केला की "आमच्या माणसाचा ऑक्सिजन तोडला" म्हणून धावून जाण्याआधी विचारा. आणि १०८ च्या गाडीत बसताना "पेशंटला जुना दमा आहे, सीओपीडी आहे" हे आधी सांगा.

ही फुप्फुसे कोणाची आहेत?

दवाखान्यात आपल्या माणसाला पहिला प्रश्न कोणता विचारतात? "बिडी ओढता ना?" म्हणजे आजार तुमचा, दोषही तुमचा. तंबाखू वाईटच, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण आकडे काय सांगतात? भारतातल्या श्वसनरोगांचा राज्यवार अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली देशात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० साली ते पावणेतीन-तीन कोटींच्या दरम्यान होते. सीओपीडीने होणाऱ्या एकूण हानीपैकी ५३.७ टक्के हवेच्या प्रदूषणामुळे, त्यात घरातल्या चुलीचा धूरही आला. २५.४ टक्के तंबाखूमुळे, १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धुळी-धुरामुळे. म्हणजे तंबाखूच्या दुप्पट वाटा हवेचा आहे.

आता हे आकडे वऱ्हाडात आणून बघा. गॅसची टाकी घरात असली तरी ती भरायला पैसे नसतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या जळतात. खोलीला खिडकी नसते. चुलीपुढे बसते ती बाई, आणि तिच्या मांडीवर तिचे लेकरू. तिने आयुष्यात बिडीला हात लावलेला नसतो. दिवसा ती जिनिंगमध्ये कपाशीच्या ढिगात काम करते, तोंडाला बांधलेला पदर हेच तिचे संरक्षण. कोणी वीटभट्टीवर, कोणी गिट्टी क्रशरवर, कोणी नगरपालिकेच्या झाडूवर. ही कामे कोणत्या जातींच्या वाट्याला येतात, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पारसचे औष्णिक वीज केंद्र, नांदगाव पेठचा वीज प्रकल्प यांच्या भोवतालच्या गावांत राखेचा प्रश्न निघाला की विकासाचे नाव पुढे करून तो बाजूला सारला जातो.

कायद्याची गंमत बघा. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, बायसिनोसिस, हा १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. भरपाईचा हक्क कागदावर आहे. पण कामगार विम्याचे काय? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना बनवण्याचे काम दिले गेले. १९४४ साली अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या कायद्यात ‘हंगामी कारखाने’ मात्र वगळले गेले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव आहे कापूस जिनिंगचे! नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हंगामी कारखाना बाहेरच ठेवला आहे. ज्या वऱ्हाडाच्या कापसावर गिरण्या चालल्या, तिथल्या जिनिंगच्या मजुराला आजारपणाचा विमा नाही, कारण त्याचे काम ‘हंगामी’ आहे. काम हंगामी असेल, पण त्याने लागलेला दम बारमाही असतो.

मास्क धरायला हात लागतो

या उपचाराची एक बाजू वैद्यकीय पुस्तकात तांत्रिक सूचना म्हणून येते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला मात्र ती वेगळी दिसते. बायपॅप सुरू करताना पट्टे लगेच आवळायचे नसतात. आधी डॉक्टरने किंवा नर्सने मास्क आपल्या हाताने रुग्णाच्या चेहऱ्यावर धरायचा, त्याच्या शेजारी बसायचे, "घाबरू नका, यंत्राबरोबर श्वास घ्या" असे समजावत राहायचे. पंधरा-वीस मिनिटे. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडावर काहीतरी दाबले की तो घाबरणारच, मास्क ओढून काढणारच. त्याचा विश्वास बसला तर उपचार चालतो, नाही बसला तर फसतो. म्हणजे या उपचारात स्पर्श लागतो, वेळ लागतो आणि रुग्णाला कळेल अशी भाषा लागते.

आपल्या माणसाला नेमक्या याच तीन गोष्टी मिळत नाहीत. प्रत्येक डॉक्टर जातीयवादी आहे असे मी म्हणत नाही. अनेक निवासी डॉक्टर आणि परिचारिका अपुऱ्या झोपेत, शंभर रुग्णांच्या गर्दीत जिवापाड काम करतात, त्यांत आपलीही पोरे-पोरी आहेत. पण जिथे वेळ कमी आणि रुग्ण जास्त असतात, तिथे तो वेळ कोणाला मिळतो? ज्याच्यासाठी नगरसेवकाचा फोन येतो त्याला, जो इंग्रजीत दोन शब्द बोलतो त्याला. मळक्या लुगड्यातल्या म्हातारीने मास्क ओढला, की केसपेपरवर "पेशंट सहकार्य करीत नाही" असा शेरा बसतो. एका खासगी रुग्णालयात मी स्वतः पाहिले आहे. एका आजीला मास्क लावला, दोन मिनिटांत तिने काढला, आणि तिच्या मुलाला एवढेच सांगितले गेले, "पेशंट ऐकत नाही, सही करा आणि घेऊन जा." त्या आजीला नीट मराठीत, तिच्या कानाशी, कोणी काही समजावले नव्हते. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू रुग्णाशी तर त्याच्या भाषेत बोलणारा माणूस वॉर्डात असणे ही औषधाइतकीच गरज आहे.

दुसरी बाजू आपल्या वस्तीतली. "मशीन लावली का माणूस गेलाच समजा," हे वाक्य किती घरांत ऐकायला मिळते! २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट सगळ्यात आधी अमरावती-अकोल्यात उसळली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहरात आणि अचलपुरात आठवडाभराची टाळेबंदी लागली, तेव्हा बाकीचा महाराष्ट्र अजून सावरून बसला होता. त्या महिन्यांत मशीनवर गेलेले अनेक जण परत आले नाहीत आणि ती भीती घट्ट बसली. पण मशीन आणि मशीनमध्ये फरक आहे. करोनाच्या रुग्णांतही ब्रिटनमधल्या १,२७३ रुग्णांच्या अभ्यासात सीपॅप लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना नळी लागली किंवा मृत्यू आला. साध्या ऑक्सिजनवर हेच प्रमाण ४४ टक्के होते. सीओपीडीत तर मास्कचे यंत्र वेळेवर लावणे हीच नळी टाळण्याची वाट आहे. भीतीपोटी सही नाकारणारा मुलगा आपल्या आईचे भले करत नसतो. ही समजूत बदलणे हे डॉक्टरांपेक्षा आपले, कार्यकर्त्यांचे काम आहे.

नुसते यंत्र मागू नका

आपल्याकडे आंदोलन झाले की मागणी होते, "व्हेंटिलेटर द्या." सरकारलाही ते सोयीचे असते. खोकी येतात, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पुढे काय होते ते औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाने दाखवले. २०२१ साली पीएम केअर्स निधीतून आलेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आणलेले ११३ सदोष निघाले, ३७ खोक्यातच राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. केंद्राने यंत्रांऐवजी ती हाताळणाऱ्यांकडे बोट दाखवले, तेव्हा न्यायालयाने केंद्राला सुनावले. यातून आपण शिकायचे ते हे, की यंत्राच्या संख्येवर समाधान मानायचे नाही. ते चालते का, ते दुरुस्त करण्याचा करार आहे का, आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस रात्रपाळीला आहे का, हे विचारायचे.

याउलट उदाहरण १९५२ च्या कोपनहेगनचे. पोलिओच्या साथीत यंत्रे कमी पडली, तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोनमहिने, हाताने रबरी पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला. यंत्रे नव्हती तरी माणसे वाचली, कारण शिकवलेले हात चोवीस तास हजर होते. ब्रिटनमध्ये २०१७ साली या मास्कच्या उपचाराची देशव्यापी तपासणी झाली, तेव्हा यंत्रे असूनही उशिरा सुरुवात, चुकीची निवड आणि अपुरी देखरेख यांमुळे माणसे दगावत असल्याचे उघड झाले. श्रीमंत देशाचे हे हाल, तर आपल्याकडे परिचारिकांच्या रिक्त जागा हा मृत्यूचाच प्रश्न मानला पाहिजे. कंत्राटी भरतीविरुद्धची त्यांची लढाई ही आपलीही लढाई आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे

१९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले: सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ च्या जीविताच्या हक्काचा भंग. तो खटला एका शेतमजुराचा होता, ज्याला जागा नाही, सोय नाही म्हणत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. पैसे नाहीत हे कारण सरकारला पुढे करता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले. ‘नागपूरले न्या’ याला उत्तर म्हणून हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये असावा. याचा अर्थ कधीच रेफर करू नये असा नाही. रेफर करण्याआधी जे उपचार तिथे शक्य आहेत ते सुरू करणे, पुढच्या रुग्णालयाला कळवणे, रुग्णवाहिकेत श्वासाची सोय करणे, एवढे तरी बंधनकारक आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण तो वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. म्हणजे अमरावतीच्या सुपर स्पेशालिटीत मोफत आणि अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये, जे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तिथे शुल्क. दोन शेजारी जिल्हे, एकच आजार, दोन न्याय. २०२४ साली अमरावतीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे स्वागत करताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे की महाविद्यालय आले म्हणून गरिबाचा मोफत उपचार जाणार तर नाही ना? महात्मा फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होते, तिच्या आरोग्यमित्राला गाठून श्वसनविकाराच्या उपचाराची मंजुरी मागणे हेही आपले काम आहे.

मग करायचे काय?

कोणी म्हणेल, चळवळीपुढे आरक्षण, अत्याचार, संविधान असे मोठे प्रश्न असताना मास्क आणि मशीनवर काय बोलता? मला हे विभाजनच मान्य नाही. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला, कारण माणूस म्हणून जगण्याची सुरुवात तिथून होते. श्वास तर पाण्याच्याही आधीचा.

तेव्हा पुढच्या थंडीआधी एवढे करू. प्रत्येक तालुक्यातल्या साथींनी माहितीच्या अधिकारात उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाला पाच प्रश्न विचारावेत: बायपॅप यंत्रे किती, त्यांतली चालू किती? एबीजी तपासणी चोवीस तास होते का? किती परिचारिकांना एनआयव्हीचे प्रशिक्षण मिळाले, कोणत्या तारखेला? गेल्या वर्षी श्वास निकामी झाल्याने किती रुग्ण पुढे पाठवले? त्यांतल्या किती जणांना पाठवण्याआधी यंत्र लावले होते? आलेली उत्तरे घेऊन रुग्ण कल्याण समितीत आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांकडे जाऊ. बायपॅप यंत्र आयसीयूच्या व्हेंटिलेटरपेक्षा कितीतरी स्वस्त असते, तेव्हा निधी नाही हे उत्तर मान्य करायचे नाही. जिनिंगचा हंगाम सुरू होताना मजुरांच्या फुप्फुसांची तपासणी आणि विम्याच्या कायद्यातून ‘हंगामी’ची अट काढणे, या मागण्या कामगार संघटनांबरोबर लावून धरू. आणि विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढून धोक्याच्या खुणा, ८८ ते ९२ चा आकडा आणि मास्कची भीती यावर बोलू. आनापानाचा अभ्यास करणाऱ्यांना श्वासाची किंमत सांगावी लागणार नाही.

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात आणि अकोल्याच्या अशोक वाटिकेत आपण हजारोंनी जमतो. दोन्ही शहरांत सरकारी रुग्णालय तिथून फार लांब नाही. यंदा अभिवादन झाल्यावर दहा-दहा जणांचे शिष्टमंडळ तिथे जाऊन निवेदन देईल, एवढे तरी ठरवू या. निवेदनात मागणी एकच असू द्या: रात्री दोन वाजता दम लागून आलेल्या बाईला पहिल्या तासात एबीजी, गरज असेल तर मास्क, आणि तो धरणारा हात मिळाला पाहिजे. इथेच, याच वॉर्डात.

जय भीम, जय संविधान.